खिडकीत कधी ताज, कधी घारापुरी

गेटवेच्या धक्क्यावरून समोर पाहिलंत तर बोयांना, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपांना, बांधलेल्या शिडाच्या होड्या दिसतील. त्यातली ती चौतीस फुटी, निळ्या पट्ट्याची होडी म्हणजे सध्या आमचं घर. मी, नवरा, अकरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा. मे संपायच्या आत ती पाण्याबाहेर काढावी लागेल, कारण पावसाळ्यात इथं उभं राहणं धोक्याचं. तोवर मुक्काम इथंच.

डिसेंबरातल्या संकष्टीला आम्ही राहायला आलो. रात्री नऊच्या सुमारास घारापुरीच्या बाजूनं चंद्र वर आला आणि डुलत्या शेगडीवरची साबुदाण्याची खिचडी आम्ही मांडीवर ताटल्या धरून खाल्ली. ही शेगडी दोन खिळ्यांवर टांगलेली असते. होडी कलली तरी पातेलं सरळ राहतं. सवय नसते ती आपल्याला. मांडव्याची शेवटची लाँच कधीच गेली होती, तरी कुठली ना कुठली लाट येऊन आपटायची आणि डोलकाठीवरची दोरी टक टक वाजत राहायची. त्या रात्री कुणीच नीट झोपलं नाही.

पहाटे जाग आली तेव्हा स्वयंपाकाच्या खिडकीत घारापुरीचा काळा डोंगर होता. सकाळी आठला चहा गाळताना बघते तर त्याच खिडकीत ताज. बोयाला बांधलेली होडी पाण्याच्या ओढीकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून उभी राहते. भरती लागली की तोंड दक्षिणेला, ओहोटी लागली की उत्तरेला. चोवीस तासांत घर चार वेळा फिरतं. थोरलीनं ते दोन दिवसांत पाठ केलं : खिडकीत ताज म्हणजे ओहोटी.

माझी आई अलिबागजवळच्या थळची. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. भरतीचं वेळापत्रक तिनं कधी छापील वापरलं नाही. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. मिनिटांचा फरक पडतो, पण होडी सोडायला एवढा हिशोब पुरतो. रोज संध्याकाळी फोनवर ती धाकट्याला तिथी विचारते आणि तो बोटांवर पाऊणपट करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पायाखालची फळी उचलली तर खाली पाणी. वीतभर. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. होडीवर ही पहिली तपासणी. खारट लागलं तर बाहेरून येतंय, होडीला भोक आहे. चव खारट नव्हती. "गोडं आहे!" मी ओरडले, आणि लगेच कळलं की हे आपलंच प्यायचं पाणी. टाकीच्या नळीची पट्टी सैल झाली होती. दोनशे लिटरमधलं निम्म्याहून जास्त खाली गेलं होतं.

पट्टी आवळायला पाच मिनिटं लागली. पाणी आणायला दिवस गेला. वीस लिटरचे कॅन छोट्या होडीतून आणायचे, तेही पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडायच्या आत, म्हणजे पुन्हा भरती बघूनच. घरात नळ सोडून दात घासणारी मुलं आता एका पेल्यात भागवतात. आम्ही त्यांना एकदाही रागावलो नाही. कॅन त्यांनीही उचलले होते.

२०१२ च्या नोव्हेंबरात अभिलाष टॉमी याच मुंबईतून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता, पृथ्वीला वळसा घालून २०१३ मध्ये परतले. धाकट्यानं परवा विचारलं, त्यांचे कॅन कुणी उचलले?

आईचं एकच सांगणं होतं : पहिली सफर भांगात करा, उधाणात नको. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला इथं पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं आणि तेवढ्याच जोरानं ओढतं. अष्टमीच्या आगेमागे ती ओढ मंदावते, तो भांग. म्हणून वद्य सप्तमी ठरली. साताची पाऊणपट सव्वापाच.

सव्वापाचला बोया सोडला. डोक्यावर अर्धा चंद्र. रात्रभर गार झालेल्या जमिनीवरून मतलई वारा सुटला होता, आणि ओहोटीही आमच्याच बाजूनं. इंजिन बंद केल्यावर फक्त होडीच्या कडेनं सरकणारं पाणी ऐकू आलं. उजव्या हाताला प्रॉंग्ज दीपगृहाचा झोत. तेरा नॉटिकल मैलांवर खांदेरी.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांची जहाजं आडवी आली होती. वारा पडला की ती अडकायची. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींची लहान गलबतं मात्र वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून बेटावर सामान पोचवत राहिली. आमच्या होडीची कील, म्हणजे तळाचा पाण्यात उतरलेला कणा, पावणेदोन मीटर खोल. त्या उथळ पाण्यात आम्ही शिरू शकत नाही. लांबूनच तटबंदी पाहिली आणि मुलं बराच वेळ गप्प होती.

नऊ वाजता आईचा फोन आला. ती थळच्या किनाऱ्यावर उभी होती.

"दिसलं तुमचं शीड. साडेअकराला पाणी फिरेल, मागोमाग खारे वारे येतील. त्यांच्याबरोबर परत फिरा."