ब्रेक नवीन, पॅड नवीन, मग पेडल खाली का जातंय

हा पसरणी घाट. वर पाचगणी, खाली वाई आणि मधे ही वळणं, पाऊस नसला की इथून धोमचं पाणी सुद्धा दिसतं. माझे बाबा हा घाट कित्येक वर्षं उतरतायत, कधी एसटीनं, आता आमच्या छोट्या गाडीनं. गाडी २०१३ ची. पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही.

पावसाळ्याच्या आधी आम्ही एका मिस्त्रीकडून गाडीचे ब्रेक करून घेतले. पुढचे पॅड संपले होते, कॅलिपरमधून, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून, थोडं ऑइल पाझरत होतं म्हणून दोन्ही कॅलिपर उतरवून त्यात नव्या रबर सीलचं किट टाकलं, मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, पण बदलले, म्हणजे सगळं एकदमच नवीन, आणि दुसऱ्याच दिवशी पाचगणीहून बाबांचा फोन की अरे ब्रेक मारला की चींऽऽ करून ओरडतंय आणि पेडल पार खाली जातंय, दोनदा मारलं की मग कुठं लागतंय. मी म्हणलं बाबा गाडी तिथंच लावा, घाट उतरू नका, तुम्ही एसटीनं या.

आवाज आणि मऊ पेडल एकाच दिवशी सुरू झालं की माणसाला वाटतं कारण एकच असणार. तसं नसतं, बहुतेक वेळा दोन्ही वेगवेगळं निघतं. चीं करणारा ब्रेक वैताग देतो पण गाडी थांबवतो. पेडल खाली जात असेल तर मात्र गाडी हलवायचीच नाही, गॅरेजपर्यंत सुद्धा टो करूनच न्यायची. आम्ही तेच केलं.

हे ज्या काकांच्या गॅरेजमधे आम्ही गाडी आणली ते. वय साठीच्या पुढं, हातात टॉर्च. त्यांनी चाक काढायच्या आधी बाबांना सीटवर बसवलं आणि म्हणाले, इंजिन बंद ठेवा, पेडल चार पाच वेळा मारा आणि मग दाबून धरा. बघा इथं, पेडल प्रत्येक वेळी थोडं थोडं वर येतंय आणि धरल्यावर तिथंच राहतंय. हेच पेडल पायाखाली हळूहळू बुडत गेलं असतं तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या पंपाचे, सील गेलेत किंवा कुठंतरी ऑइल बाहेर येतंय असं समजायचं. मारून मारून वर येतंय आणि टिकतंय म्हणजे एक तर लाइनमधे हवा आहे, नाहीतर मागच्या ड्रममधे लायनर फार आत बसलेत, त्यांना ड्रमपर्यंत पोचायलाच अर्धं पेडल जातंय. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायला लावलं, पेडल जरासं खाली दबलं. तसंच पाहिजे, म्हणजे पायाच्या जोराला इंजिनची मदत देणारा बूस्टर चांगला.

आता हवा का लायनर. त्यासाठी काकांनी जे केलं ते मी पहिल्यांदा बघितलं. हँडब्रेक ओढायला लावला आणि परत पेडल. हँडब्रेकनं मागचे लायनर आधीच फाकतात, त्यामुळे मोकळी जागा मागं असेल तर पेडल लगेच वर मिळतं. आमचं थोडं वर आलं पण मऊपणा तसाच. म्हणजे मागं ॲडजस्टमेंट थोडी बाकी आहे आणि शिवाय हवा पण आहे.

बाबा म्हणाले, अहो पण त्या मिस्त्रीनं माझ्यासमोर तीन वेळा एअर काढली, म्हणजे लाइनमधली हवा, ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या गेल्या, शेवटी बुडबुडे यायचे बंद झाले मी स्वतः बघितलंय.

काकांनी चाक काढलं, टॉर्च मारला आणि काहीच न बोलता बोट दाखवलं. हे बघा. हे एअर काढायचं निपल, कॅलिपरच्या खालच्या बाजूला.

आमच्या गाडीत डावा कॅलिपर उजवीकडं पण बसतो. किट टाकून परत लावताना त्यांची अदलाबदल झाली, आणि तशी झाली की वरचं निपल खाली येतं. हवा ऑइलपेक्षा हलकी, ती कॅलिपरमधे वर जाऊन बसते, म्हणून तर निपल वर दिलेलं असतं. निपल खाली असताना एअर काढायला गेलं की खालून नुसतं स्वच्छ ऑइल येतं, एक बुडबुडा नाही, आणि मिस्त्री आणि गिऱ्हाईक दोघांना वाटतं झालं काम. ऑइल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते, पायाचा सगळा जोर ती हवा दाबण्यात जातो. अशा दहा बाटल्या ओतल्या असत्या तरी पेडल आलं नसतं. त्या मिस्त्रीनं कष्ट कमी घेतले असं मी म्हणणार नाही, तीन वेळा एअर काढली माणसानं, पण दुसऱ्यांदा पेडल मऊ लागलं तेव्हाच वाकून बघायला पाहिजे होतं.

कॅलिपर जागेवर आले. मग एअर. आत एक जण हळू दाबून धरतो, बाहेरचा निपल उघडतो, बंद करतो, मगच आतल्यानं पाय सोडायचा. टाकीतलं ऑइल मधेच संपू द्यायचं नाही, नाहीतर परत पहिल्यापासून. आणि पेडलखाली हा लाकडाचा ठोकळा का ठेवलाय, तर जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचे सील रोज ठराविक अंतरच फिरतात, त्याच्या पुढचा भाग आतून गंजलेला असू शकतो, पेडल पार तळाला नेलं की सील तिथं खरवडतात आणि चांगला मास्टर सिलिंडर एअर काढता काढता जातो. एबीएस असलेल्या गाडीत, आणि भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना ते आहेच, हवा एबीएसच्या युनिटमधे अडकली तर कधी कधी स्कॅनर लावूनच काढावी लागते.

ऑइल नवीन, सीलबंद बाटलीतलं. घाटात राहणाऱ्यांनी हे नीट ऐका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ (डॉट म्हणजे बाटलीवर लिहिलेला ऑइलचा दर्जा) कोरडं असताना कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी ओढल्यावर तोच आकडा १४० वर येतो, डॉट ४ चा २३० वरून १५५. पसरणी उतरताना सारखा ब्रेकवर पाय असेल तर डिस्क केवढी तापते ते चाकाजवळ हात नेला तरी कळतं. आत ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ पण हवेसारखीच दाबली जाते. वर पाचगणीला कडक असलेलं पेडल मग अर्ध्या घाटात खाली जातं.

आता आवाज. काकांनी विचारलं जुने पॅड कुठायत. सुदैवानं डिकीत होते. जुन्या पॅडच्या पाठीला ही पातळ पत्र्याची शिम चिकटलेली दिसतेय, आणि नव्या पॅडच्या पाठीला काहीच नाही. पॅड डिस्कला घासताना बारीक थरथरतो, ती थरथर फार वेगानं झाली की चीं ऐकू येतं, शिम ती थरथर मारते. आणखी एक गोष्ट जुन्या पॅडनीच सांगितली, आतला पॅड जास्त झिजलाय आणि बाहेरचा कमी. म्हणजे कॅलिपरची सरकणारी पिन अडकलीय. काढून बघितली तर तिच्यावर साधं ग्रीस, त्यानं रबर फुगलेलं. इथं फक्त ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच चालतं, आणि पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला कुठलंच ग्रीस लागू द्यायचं नाही.

म्हणून गाडी दुरुस्तीला दिलीत की जुने पार्ट मागून घ्या, निदान आठवडाभर तरी टाकू नका.

सतत खरखर येत असेल, ब्रेक न मारता पण, तर आधी डिस्कच्या मागचा पत्रा बघा, काम करताना तो वाकतो आणि डिस्कला लागतो. हातानं सरळ होतो. आणि खड्ड्यात खट् खट् वाजलं तर गाडी थांबवून बोल्ट बघायचे, लगेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर घासून बसवले. ६० च्या स्पीडवरून २० पर्यंत, जोरात नाही, मध्यम ब्रेक, असं आठ दहा वेळा, मधे पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा डाग डिस्कवर उमटतो आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. नंतर चार पाच किलोमीटर ब्रेक न मारता, गार होईपर्यंत.

हे बाबा, पाचगणीच्या स्टँडजवळ. निघायच्या आधी पेडल दाबून बघितलं, अर्ध्याच्या वरच थांबलं. दुसरा गिअर टाकलाय. पावसात रात्रभर भिजलेल्या डिस्कवर गंजाचा पातळ थर आहे, पहिल्या दोन ब्रेकला खर्र येईल ते त्याचं, तिसऱ्याला गेलं. डाव्या बाजूला रिव्हर्स घेताना अजून बारीक चीं येतं. काका म्हणालेत पाचशे किलोमीटर होऊ देत, मग डिस्कची कड बघू. आत्ता झालेत एकशेऐंशी.