पाटाखालचं शिवार

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीनंतर धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या एखाद्या टेकाडावर उभं राहा. वर उघडा मुरूम, बोरी-बाभळी, बाजरीची रिकामी रानं. खाली नदीपर्यंत हिरवंगार शिवार. आणि दोन्हींच्या मधोमध एक वळणदार रेघ, जणू कुणी बोटानं ओढलेली. तो पाट. त्याच्या वरचं ते जिराईत, खालचं ते पाटस्थळ.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपूर्वी गावकऱ्यांनी दगडी बंधारे बांधले. अडवलेलं पाणी पाटात वळवलं आणि पाटाला इतका बेताचा उतार दिला, की पाणी आपल्या पायांनी शेतात जावं. ना मोट, ना पंप. उरलेलं पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत, म्हणजे खालच्या बंधाऱ्याच्या वाट्याला.

पण मला खरी थोरवी वाटते ती फडाची. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, पुढच्या वर्षी पिकांची फेरपालट. बहुतेकांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे नदीला पाणी कमी असलं, की एखादा फड पाण्याविना ठेवायचा, आणि त्याची झळ सगळ्यांनी वाटून घ्यायची. लांबून दिसणारे ते एकरंगी चौकोन म्हणजे गावानं एकत्र बसून घेतलेला निर्णय असतो, श्रोतेहो. पाणी पाटकरी सोडी, त्याच्यावर देखरेख हवालदाराची, पिकाची राखण जागल्याकडे. आपल्या वाफ्याचं बारं, म्हणजे पाणी आत घ्यायचं तोंड, शेतकऱ्यानं स्वतः फोडायचं नाही, हा दंडक. पावसाळ्याआधी पाटातला गाळ मात्र सगळ्यांनी मिळून काढायचा.

पुढे विहिरी वाढल्या, पंप आले, नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली. ज्याच्या विहिरीला पाणी तो हवं ते पीक घेऊ लागला. त्याला दोष कसा द्यावा? पण फड विस्कटले, आणि पाटाच्या वरही हिरवे ठिपके उमटले. विहिरीचं पाणी खोल गेलं, की ते ठिपके आधी वाळतात, हे पाहताना जीव तुटतो.

तिकडे जाणं झालं, तर उतारावर एकाच पातळीत वळत गेलेली झाडांची रांग शोधा. पाट कोरडा असला, तरी तो तिथेच सापडेल.