हर्णै आवडलं? मग पुढचं बंदर असं निवडा

नमस्कार मंडळी. कोकणचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न ठरलेला: "हर्णै पाहिलं, फार आवडलं. तसंच दुसरं बंदर सांगा ना." त्याखाली उत्तरंही तयार. दाभोळला जा, जयगडला जा, विजयदुर्ग सोडू नका. बंदरं तिन्ही उत्तम. पण हर्णैसारखं त्यातलं एकही नाही.

गाडी, मुक्काम, जेवण हे तुम्ही बघालच. पावसाळ्याचं तेवढं लक्षात असू द्या: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, मग लिलाव कसला बघणार? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही तेव्हा बंद.

आता मुद्दा. बंदराची जात ठरते ती ते कुठल्या पाण्यावर बसलंय त्यावर. हर्णै उघड्या समुद्रावर आहे. समोर खडकाच्या बेटावर सुवर्णदुर्ग, बोटी पाण्यात नांगरलेल्या, मासळी किनाऱ्यावर उतरते आणि वाळूतच लिलाव. याचं भावंड शोधायचं तर थेट मालवण. तिथंही समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग, १६६४ साली बांधायला घेतलेला, आणि गाव पोटापाण्यासाठी समुद्राकडेच तोंड करून. फरक एवढाच की मालवणात पर्यटक जास्त. होडीला रांग लागते, म्हणून सकाळी लवकर जा.

दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही खाडीच्या तोंडावरची बंदरं. अनुक्रमे वाशिष्ठी, शास्त्री आणि वाघोटण नद्यांच्या खाड्या. तिन्ही ठिकाणी किल्ला खाडीच्या दक्षिण ओठावर: अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, विजयदुर्ग. दाभोळ गाव तेवढं उत्तर काठावर. इथं मासळीपेक्षा ये-जा महत्त्वाची. घाटावरचा माल खाडीतून खाली यायचा आणि इथून जहाजात चढायचा. दाभोळ बहामनी आणि आदिलशाही काळात केवढं मोठं होतं, ते पाण्यालगतची ती दगडी मशीद बघून कळतं. आज तिथून फेरीबोट धोपाव्याला सोडते, पुढं तवसाळहून दुसरी जयगडला. गाडी बोटीत चढते आणि चिपळूणचा वळसा वाचतो. या दोन फेऱ्या जोडून केलेला प्रवास हाच त्या गावांचा खरा अनुभव.

"बीच कसा आहे?" अशी कमेंट येणारच. अहो, बंदर बघायला निघालात ना? बीच हवा तर गुहागरला जा, तोही रस्त्यातच आहे.

आता जिथं सगळे चुकतात ते. भरती-ओहोटी. "हर्णैला गेलो, नुसता चिखल आणि वास," असं लिहिणारा माणूस हर्णैला चुकीच्या दिवशी गेलेला नसतो, चुकीच्या तासाला गेलेला असतो.

हिशेब सोपा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला, पंधराची पाऊणपट, सव्वाअकराच्या आसपास. पुढं सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजा. आणि वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, मिनिटं धरून भांडू नका.

हेच लिलावाकडून बघा. हर्णैचा दुपारनंतरचा लिलाव पुनवेला गाठलात, तर पाचला पाणी पार मागं गेलेलं. बोटी लांब राहतात, टोपल्या ओल्या वाळूतून वाहून आणतात, बैलगाड्या पाण्यात घालतात. अष्टमीला तेच पाणी वर आलेलं, वाळूची पट्टी अरुंद, गर्दी दाटीवाटीची. दोन्ही बघण्यासारखं आहे, पण कुठलं बघायचंय ते आधी ठरवा. आणि चप्पल अशी घाला की खाऱ्या पाण्यानं वाया गेली तरी जीव हळहळणार नाही.

तिसऱ्या बाजूनं, विजयदुर्गाकडून. खाडीत थोडं आत गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आहे. खडक फोडून केलेली. तिचं सगळं तंत्र पाण्यावरच: उधाणाच्या भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळ उघडा पडतो, डागडुजी करायची. भरतीच्या वेळी गेलात तर तुम्हाला नुसतं एक डबकं दिसेल. तिथं ओहोटीलाच जायचं, आणि तेही पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ, कारण भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी पुरेसं उतरतच नाही. १७५६ साली इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच पाण्यात जळालं.

तर कॅलेंडर काढा. गोदी बघायची असेल तर पौर्णिमेच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच-साडेपाचला गिर्ये गाठा. परतताना खडकावर शेवाळ असतं, उजेड आहे तोवर वर या.