बोअर किती फूट गेला?

रात्रीचे दोन वाजलेत आणि हा जो धडधड आवाज येतोय ना तो बोअरच्या गाडीचा आहे, मराठवाड्यात उन्हाळ्यात कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. सकाळी पाणी कुठे लागेल ते सांगणारा पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रान फिरून गेला, संध्याकाळी गाडी लागली, आता भोकातून नुसता राखाडी फुफाटा उडतोय आणि मालक कडेला उभा राहून एकेक रॉड मोजतोय, कारण बिल फुटावर आहे. पाणी लागलं की फुफाट्याचा चिखल होतो. सगळे त्या चिखलाचीच वाट बघतायत.

हा माणूस अडाणी नाही हो. शेजाऱ्याने चारशे फूट मारला आणि याची विहीर आटली, मग याने पाचशे मारायचा नाही तर काय, मोसंबीची बाग जळताना बघत बसायचं? त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. घोळ आहे तो खाली. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या कातळावर बसलाय, पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांमध्ये, आणि भेग काही बांध बघून थांबत नाही, म्हणजे दोघं ओढतायत ते पाणी एकच.

2009 चा भूजल कायदा सांगतो की शेतीसाठी 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली जायचं नाही. पण मी थांबलो आणि शेजारी नाही थांबला तर? या एका भीतीपोटी गावंच्या गावं खाली खाली जात राहतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, मांजरा धरण कोरडं आणि बोअरही कोरडे.

आता नगर (नवं नाव अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. हाही दुष्काळी पट्टाच, पाऊस जेमतेम. पण पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून गावाने बसून ठरवलं की शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडतात, माणसांना एवढं, जनावरांना एवढं, उरलं तर पिकाला. आणि नाही उरलं तर त्या वर्षी उन्हाळी पीक कोणीच घेत नाही, ज्याच्या विहिरीत पाणी दिसतंय तो पण नाही.