शेवटचे पंचवीस मीटर: जोराच्या वाऱ्यात काइट उतरवताना

[दृश्य: ब्लाउबर्गस्ट्रँड, दुपार. खाडीपलीकडे टेबल माउंटन, माथ्यावरून ओघळणारा पांढरा ढग.]

केपटाउनच्या उत्तरेला ब्लाउबर्गचा किनारा आहे. समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे टेबल माउंटन. त्या सपाट माथ्यावरून ढग असा खाली उतरायला लागला की इथल्या काइटसर्फरना, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाणी कापणाऱ्यांना, हवामानाचा अंदाज बघावा लागत नाही. आग्नेयेचा वारा, म्हणजे इथला ‘केप डॉक्टर’, सुटलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा मोसम. दुपार कलताना तो २५ ते ३० नॉटवर जातो, काही दिवशी त्याच्याही वर. ३० नॉट म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर. उंच उड्यांची ‘किंग ऑफ द एअर’ ही स्पर्धा २०१३पासून याच किनारपट्टीवर होते, ती या वाऱ्याच्याच भरवशावर.

उड्यांचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आपण बघणार आहोत ती त्यानंतरची दोन मिनिटं, जेव्हा रायडर पाण्याबाहेर येतो आणि काइट कुणाच्या तरी हातात द्यायचा असतो.

[दृश्य: एक रायडर बोर्ड हातात घेऊन उथळ पाण्यातून चालत येतो.]

पाण्यात असताना रायडरच्या बाजूने दोन गोष्टी असतात. काइटची ओढ बोर्ड पाण्यात रेटून झेलता येते, आणि पडलाच तर तो पाण्यात पडतो. वाळूवर पाय ठेवला की दोन्ही गेल्या. ओढ झेलायला फक्त टाचा उरतात. खाली वाळू, आजूबाजूला माणसं, खडक, मागे रस्ता आणि गाड्या. वारा मात्र तेवढाच असतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून २० नॉटचा झोत ३० झाला की ओढ दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते.

[दृश्य: वाळूवर पसरलेला ७ चौरस मीटरचा काइट, दोऱ्या आणि बार.]

आधी साहित्य. पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी, ती लीडिंग एज. तिला आडव्या जोडलेल्या नळ्या म्हणजे स्ट्रट. कापड म्हणजे कॅनोपी. चार दोऱ्या, बहुतेकदा २० ते २४ मीटर लांबीच्या. मधल्या दोन काइटचा भार घेतात आणि कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवलेल्या चिकन लूप या कडीपर्यंत येतात. बाहेरच्या दोन, म्हणजेच मागच्या दोऱ्या, हातातल्या दांड्याच्या, म्हणजे बारच्या, टोकांना. बार अंगाकडे ओढला की ताकद वाढते, पुढे सोडला की कमी होते. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यांनी याला ढील समजावं. चिकन लूपवरच तो झटक्यात सोडवणारं क्विक रिलीज असतं, आणि त्यानंतरही काइट रायडरला जोडून ठेवणारी दोरी, सेफ्टी लीश, वेगळी.

आता वारा कुठून येतो ते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर काइट तुमच्यासमोरच्या अर्ध्या घुमटातच उडू शकतो. घड्याळाच्या आकड्यांत सांगायचं तर डोक्यावर १२, डावीकडे जमिनीलगत ९, उजवीकडे ३. मध्यभागी खाली ओढ सर्वांत जास्त, तो ताकदीचा पट्टा; कडांना सर्वांत कमी. वारा येतो ती बाजू आपण ‘वरची’ म्हणू, जातो ती ‘खालची’. ब्लाउबर्गला समुद्राकडे तोंड केलं तर आग्नेयेचा वारा डावीकडून, किनाऱ्याला जवळपास समांतर येतो. म्हणजे घुमटाची एक कड समुद्रावर, ९ला, आणि दुसरी जमिनीवर, ३ला. उतरवायचं यांपैकी एका कडेला. मधे कुठेही नाही.

कोणत्या कडेला, यावर किनाऱ्या-किनाऱ्यांवर वाद चालतात. पुळण रुंद आणि मोकळी असेल तर रायडरने गुडघाभर पाण्यात थांबून काइट जमिनीकडच्या मदतनिसाला द्यावा. काही बिघडलं तरी स्वतः पाण्यात राहतो. पण मागे रस्ता, इमारती, बसलेली माणसं असतील तर काइट त्यांच्याकडे न्यायचाच कशाला? अशा जागी रायडरने पाण्याबाहेर वाळूत यावं आणि काइट समुद्राच्या बाजूला, ओल्या वाळूवर उभ्या मदतनिसाकडे उतरवावा. आमचं मत ब्लाउबर्गसारख्या जागी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. तरी ज्या किनाऱ्यावर जाल तिथली रीत आधी विचारलेली बरी. एक अट दोन्हीकडे लागू आहे: खालच्या बाजूला दोऱ्यांच्या दुप्पट, म्हणजे ५० मीटर तरी जागा रिकामी हवी.

[दृश्य: रायडर पाण्याच्या कडेला, काइट समुद्रावर १०च्या जागी.]

बाहेर येण्यापूर्वी, पाण्यात असतानाच, मधल्या दोऱ्या आखूड करणारा ट्रिमचा पट्टा ओढून ताकद कमी करायची. बेतानेच. शेवटपर्यंत ओढला तर मागच्या दोऱ्या इतक्या सैल पडतात की काइट फडफडतो आणि वळवायला गेलं तर ऐकत नाही. मग बोर्ड. तो वरच्या बाजूला वाळूवर ठेवून द्यायचा, कारण यापुढे दोन्ही हात मोकळे लागणार आहेत.

चालत येताना बरेच जण काइट सवयीने डोक्यावर, १२ला धरतात. वारा कमी असेल तर खपून जातं. जोराच्या वाऱ्यात झोत आला की १२चा काइट सरळ वर उचलतो, आणि किनाऱ्यावर उचललेला माणूस वाळूवरच परत येतो. उलटही होतं: इमारतींच्या किंवा वाळूच्या टेकड्यांच्या आसपास वारा क्षणभर पडतो, काइट डोक्यामागे सरकतो, दोऱ्या ढिल्या होतात, तो कोसळत घुमटाच्या मध्यात येतो आणि तिथेच पुन्हा वारा भरतो. म्हणून काइट समुद्राच्या बाजूला, १०च्या आसपास. तिथे झोत आला तर तो बाजूला ओढतो, उचलत नाही.

[दृश्य: रायडर तळहाताने डोक्यावर थोपटतो. मदतनीस तसंच करून उत्तर देतो.]

खूण सोपी आहे. तळहाताने डोक्यावर दोन-तीनदा थोपटलं की ‘मला उतरायचं आहे’. मदतनिसाने तीच खूण परत केली की ‘मी तयार आहे’. उत्तर येईपर्यंत काइट खाली आणायचा नाही. आणि खूण परत करणाऱ्याच्या कमरेला हार्नेस आहे का, तेही बघा. किनाऱ्यावर हौसेने मदतीला धावणारे पर्यटक असतात. ते हसून डोक्यावर थोपटतातही, आणि मग दोरीला हात घालतात. दोरी दोन मिलिमीटरचीही नसते, पण ताणलेली असताना बोट कापते.

मदतनीस काइट उतरवत नाही. तो फक्त धरतो. उतरवायचं काम शेवटच्या क्षणापर्यंत रायडरचंच.

म्हणून जागा जुळवायची तीही रायडरने. दोघांना जोडणारी रेषा वाऱ्याच्या दिशेला काटकोनात हवी. मदतनीस फार खाली उभा असेल तर त्याच्यापर्यंत पोचलेला काइट कडेला नसतो, ताकदीच्या पट्ट्यात असतो. अशा वेळी मदतनिसाला हातवारे करण्यापेक्षा रायडरनेच चार पावलं खाली यावं. मदतनीस फार वर असेल तर काइट तिथवर पोचतच नाही. मग रायडरने वर सरकावं.

[दृश्य: काइट हळूहळू खाली येतो. जवळून: बारवरचा एक हात, दुसरा रिलीजवर.]

आता उतरवणं. बार बराचसा पुढे सोडलेला. एक हात बारच्या मध्याशी, दुसरा क्विक रिलीजवर. रिलीजवर म्हणजे खरोखर त्याच्यावर, ‘जवळपास’ नाही. १०वरून ९कडे यायला पाच-सहा सेकंद घ्यायचे. खालचं टोक जमिनीपासून हातभर वर आलं की तिथे थांबवायचं. तिथे काइट जवळजवळ स्थिर राहतो: एक टोक खाली, एक वर, लीडिंग एज वाऱ्याकडे, खोलगट बाजू रायडरकडे.

मदतनीस उभा असतो काइट येणार त्या जागेच्या दोन-तीन पावलं वर, बाहेरच्या अंगाला. ही जागा अशीच निवडलेली नाही. काइट घुमटाच्या कडेपलीकडे, वाऱ्याच्या वर उडू शकत नाही, त्यामुळे तिथे उभ्या माणसावर तो येऊन आदळत नाही. ६ ते ८ पीएसआय दाबाने हवा भरलेली नळी तोंडावर बसली तर नाक फुटतं. काइट स्थिर झाला की पुढे होऊन लीडिंग एजच्या बरोबर मध्यावर दोन्ही हातांनी धरायचं. रायडर आणि काइटच्या मधे, दोऱ्यांच्या बाजूला, पाय टाकायचा नाही.

टोक धरलं तर काय होतं, हे एकदा समजून घ्या. टोक हातात आल्यावर बाकीचा काइट त्या बिंदूभोवती फिरायला मोकळा राहतो. तो फिरतो, वारा भरून घेतो आणि हातातून सुटतो, आणि सुटतो तो ताकदीच्या पट्ट्याच्या दिशेने. मध्यावर धरलेल्या काइटचं नाक वाऱ्याकडेच राहतं.

[दृश्य: मदतनिसाने धरलं. रायडर काइटच्या दिशेने चालतो.]

धरल्यानंतरचे दोन सेकंद सर्वांत घातक. रायडरला वाटतं झालं, आणि तो जागीच उभा राहतो, किंवा तोल सावरायला बार अंगाकडे ओढतो. बार ओढला की मागच्या दोऱ्या ताणतात आणि काइट मदतनिसाच्या हातात ताकद धरतो. करायचं उलट: बार पूर्ण सोडून काइटच्या दिशेने तीन-चार पावलं झटपट चालायची. चारही दोऱ्या वाळूवर लोळल्या पाहिजेत. मदतनिसानेही काइट घेऊन लांब जायचं नाही. तो एक पाऊल लांब गेला की दोऱ्या पुन्हा ताणतात. काइट धरायच्या आधी मात्र रायडरने पुढे चालायचं नाही, नाहीतर ढिल्या दोऱ्यांवर काइट उलटा पडतो.

दोऱ्या सैल दिसल्या की चिकन लूप हार्नेसमधून काढायचा. लीश अजून लावलेलीच. मदतनीस काइट वाळूवर ठेवतो तो लीडिंग एज वाऱ्याकडे आणि स्ट्रट जमिनीकडे करून, म्हणजे वारा कापडाला खाली दाबतो. कापडावर वाळू घालायची, लीडिंग एजच्या लगत, मधल्या स्ट्रटच्या दोन्ही बाजूंना. ओली वाळू चांगली. कोरडी या वाऱ्यात उडून जाते आणि अर्ध्या तासाने काइटही जातो. त्यानंतर लीश.

[दृश्य: गोवा, मोरजीचा किनारा, मोठा काइट संथपणे उतरतो.]

मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून येणारा वारा बहुतेक दिवस सौम्य असतो आणि लोक १२ चौरस मीटरचे काइट उडवतात. तिथे शिकलेल्यांना हे सगळं जरा अति वाटू शकतं. दोन्हीकडे काइट वाऱ्याच्या मापाचा घेतलेला असतो, त्यामुळे ओढ फारशी वेगळी नसेलही. फरक वेळेत आहे. १२चा मोठा काइट चूक करायला वेळ घेतो. ७चा, ३० नॉटमध्ये, एका सेकंदात अर्धा घुमट पार करतो. मोरजीत सावरता येणारी चूक ब्लाउबर्गला सावरायच्या आत घडून गेलेली असते.

[दृश्य: मदतनिसाचा हात निसटतो, काइट पुन्हा वर जातो.]

हात निसटला तर? मदतनिसाने मागे धावायचं नाही. अर्धवट धरून ठेवणं हे सोडण्यापेक्षा वाईट: एकतर पक्कं धरा, नाहीतर पूर्ण सोडा आणि वरच्या बाजूला व्हा. रायडरने काइट १०ला नेऊन स्थिर करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून, खुणेसकट. दुसऱ्यांदाही जमलं नाही, किंवा मधेच काइट खालच्या बाजूला झेपावला, तर रिलीज दाबायचं. विचार करायला थांबायचं नाही.

रिलीज उघडलं की बार एका मधल्या दोरीवरून वर सरकतो, सगळा भार त्या एकाच दोरीवर येतो आणि काइट झेंड्यागत फडफडत खाली पडतो. मग मदतनीस वरच्या बाजूने जाऊन लीडिंग एज धरू शकतो. तरीही काइट गरगर फिरत ओढत राहिला तर लीशचं रिलीज. क्रम हाच: आधी चिकन लूप, मग लीश. या यंत्रणेसाठी २०२०पासून आयएसओ २१८५३ हे मानक आहे. पण खाचेत वाळू अडकली की मानकाचं रिलीजही जड जातं. गोड्या पाण्याने धुवा, आणि दर वेळी उडवण्याआधी एकदा उघडून पुन्हा जोडा.

आणि किनाऱ्यावर जाणता कुणीच नसेल तर कमरेएवढ्या पाण्यात थांबा. काइट समुद्राच्या कडेला पाण्यालगत आणा आणि तिथेच रिलीज दाबा. डोक्यावर असताना नाही. मग बारवर आधी फक्त सेफ्टीची, म्हणजे भार घेणारी ती एक मधली दोरी गुंडाळत जायचं, काही मीटर, बाकीच्या तिन्ही सैल ठेवून. दुसरी एखादी आधी ताणली गेली तर पडलेला काइट पुन्हा वारा धरतो. दोरी हाताभोवती गुंडाळायची नाही, बारवरच. काही मीटर झाले की बाकीच्याही सोबत घ्यायच्या, काइटपर्यंत पोचायचं आणि लीडिंग एज मध्यावर धरायची.