रस्त्यावरच्या माणसाचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

चैत्रातल्या दुपारी मस्जिद बंदरच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारून बघा. हातगाडीवर गोण्यांची थप्पी असते. एक जण पुढून ओढतो, दोघं मागून रेटतात. गाडी दुकानाच्या दारात लागली की त्यांची पहिली धडपड पाण्यासाठी असते. दुकानदार ओळखीचा असला तर माठातलं पाणी मिळतं, नसला तर बाटली विकत घ्यायची. मुंबईचा पारा अकोल्या-चंद्रपूरइतका चढत नाही, हे खरं. पण इथली हवा दमट. घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. अशा हवेत ओझी वाहणाऱ्या माणसाला दिवसाकाठी चार-पाच लिटर पाणी सहज लागतं. लिटरभराची बाटली साधारण 20 रुपयांना. म्हणजे नुसती तहान भागवायला रोज साधारण 80 ते 100 रुपये. हातावर पोट असलेला माणूस एवढे पैसे पाण्यावर घालत नाही. तो पाणी कमी पितो. आणि संध्याकाळी डोकं दुखतं, पायात गोळे येतात, लघवीला जळजळ होते, ते सगळं निमूट सोसतो.

घराबाहेर पडलेल्या माणसाच्या पिण्याच्या पाण्याबद्दल आज मला बोलायचं आहे. घरातल्या नळासाठी आपण भांडतो, हंडा मोर्चे काढतो, नगरसेवकाला गाठतो, आणि ते योग्यच आहे. रस्त्यावरच्या नळासाठी मात्र कोणी भांडत नाही, कारण तो कोणा एकाच्या दारात नसतो. हमाल, रिक्षावाले, इमारतींचे रखवालदार, घरोघरी जेवण पोचवणारी मोटरसायकलवरची मुलं, फेरीवाल्या बाया, सफाई कामगार यांचा सगळा दिवस मात्र घरापासून दूरच जातो.

या शहराकडे पाणी नाही, असं नाही. मुंबईत रोज सुमारे 400 कोटी लिटर पाणी येतं. विहार तलाव 1860 मध्ये पुरा झाला, तुळशी 1879 मध्ये, तानसा 1892 मध्ये. पुढे वैतरणेवरचं मोडक सागर आलं. शहराचे अभियंता नानासाहेब मोडक यांचं नाव या धरणाला दिलं आहे. मग अप्पर वैतरणा, भातसा आणि शेवटी मध्य वैतरणा. अप्पर वैतरणा तर थेट नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात आहे. तिथे पडलेला पाऊस डोंगर, बोगदे आणि माणूस उभा राहील एवढ्या जलवाहिन्यांतून भांडुपला येतो, तिथे शुद्ध होतो आणि कुलाब्यापर्यंत पोचतो. वाटेतला शहापूर तालुका तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं पोटात घेऊन बसला आहे. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. ज्यांच्या उशाला धरण आहे त्यांचे हंडे कोरडे राहावेत आणि त्यांच्याकडून आलेलं पाणी शहरातही तहानलेल्याला मिळू नये, ही गोष्ट मला फार लागते.

एक हिशोब सांगते. नेमून दिलेल्या मर्यादेत घरगुती वापरासाठी महापालिका 1000 लिटर पाण्याला जेवढे पैसे घेते, तेवढ्यात दुकानात पाण्याची एक लिटरची बाटलीही येत नाही. इतकं स्वस्त पाणी आपल्या पायाखालून वाहत असतं आणि फुटपाथवर उभ्या माणसाला ते मिळत नाही.

पूर्वी मिळायचं. विहारचं पाणी येण्याआधी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं तेव्हाची. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 सालची. समुद्राच्या इतक्या जवळ असून तिचं पाणी गोडं. नळ आले, तसे शहरभर प्याऊ उभे राहू लागले. प्याऊ म्हणजे आपली पाणपोई, पण दगडी, कायमची. वर पाण्याची टाकी, भोवती कोरीव नक्षी, कमरेच्या उंचीवर पितळी तोट्या आणि खाली गुरांसाठी हौद. बैलगाडीचा बैल आणि व्हिक्टोरिया घोडागाडीचा घोडा खाली पाणी प्यायचा, गाडीवान वर. व्यापाऱ्यांनी हे प्याऊ आईच्या, वडिलांच्या, अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ बांधले. नावं दगडात कोरली, कुठे मराठीत, कुठे गुजरातीत, कुठे इंग्रजीत. मस्जिद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायकांचा प्याऊ 1876 पासून उभा आहे. त्याच्या माथ्यावर घड्याळही आहे. व्यापाऱ्याने हमालांच्या बाजारात, भर रहदारीत पाण्याची आणि वेळेची सोय एकाच ठिकाणी केली. जागा निवडणाऱ्याला माणसांचं येणं-जाणं कळत होतं. काही वर्षांपूर्वी या प्याऊची नीट दुरुस्ती झाली. जीपीओजवळच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाजवळच्या कबुतरखान्याशी कोठारींचा प्याऊ आहे, तोही बघण्यासारखा. दगड किती बारकाईने घडवलाय ते जवळ गेल्यावरच कळतं.

पण पाणी ठेवलं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं, असं आपल्याकडे कधीच नव्हतं. पाणपोईवर बसलेला माणूस वरून ओंजळीत पाणी ओतायचा आणि ओंजळ कोणाची आहे यावर धार किती उंचावरून पडेल ते ठरायचं. काहींना तर जवळही येऊ देत नसत. म्हणून 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडून मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलंही, पण तळ्यावर कोणी जाऊ देईना. अखेर 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. कागदावर खुलं असणं वेगळं आणि प्रत्यक्ष ओंजळ भरता येणं वेगळं, हे महाडने आपल्याला दाखवलं.

आजच्या शहरातही मला हाच फरक दिसतो. जेवणाचा डबा घेऊन आलेला मुलगा पंधराव्या मजल्यावर बेल वाजवतो. त्याला पाणी हवं असतं, पण मागायला तो कचरतो. कोण काय म्हणेल, तक्रार तर करणार नाही ना, ही भीती असते. काही इमारतींत त्याला लिफ्टही वेगळी दाखवतात. पाणी मागायचं म्हटलं की समोरचा आपले कपडे बघतो, बोली ऐकतो, आणि मग ठरवतो. सार्वजनिक नळापुढे कोणाला काही मागावं लागत नाही. चावी फिरवली की पाणी येतं. माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही निकाल दिला की वस्ती अनधिकृत आहे एवढ्या कारणावरून तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो निकाल वस्त्यांमधल्या घरांबद्दलचा होता. रस्त्यावर दिवस काढणाऱ्याचा जगण्याचा हक्क त्याहून कमी कसा असेल?

मग हे प्याऊ बंद का पडले? घराघरांत नळ पोचले, बैल आणि घोडे गेले, रस्ते रुंद झाले. काहींच्या अंगाला दुकानं चिकटली. तोट्या चोरीला गेल्या, त्या कोणी बदलल्या नाहीत. सांडलेलं पाणी वाहून जायला जागा नसल्याने भोवती चिखल आणि शेवाळ झालं, मग लोकच म्हणू लागले, बंद करा ही घाण. त्यात बाटलीबंद पाणी आलं आणि नळाचं पाणी पिण्यालायक नसतं ही समजूत आपल्या मनात पक्की बसली.

या समजुतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. 2019 च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोने देशातल्या मोठ्या शहरांच्या नळाच्या पाण्याची तपासणी जाहीर केली. त्यात मुंबईचे सगळे नमुने मानकांत बसले आणि मुंबईचा क्रमांक पहिला लागला. आपलं पाणी बहुतांशी पावसाचं, धरणात साठलेलं. त्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी. त्यामुळे जिथे तिथे क्षार गाळणारं आरओचं यंत्र बसवायची या शहरात गरज नाही. त्या यंत्रात उलट पुष्कळ पाणी वाया जातं, आणि रस्त्यावर बसवलेलं असं यंत्र एकदा बिघडलं की तसंच पडून राहतं.

दूषित पाण्याची तक्रारही खोटी नाही. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातले काही तासच येतं. महापालिकेचा चावीवाला ठरल्या वेळी झडप उघडतो, ठरल्या वेळी बंद करतो. पाणी बंद झालं की नळवाहिनीतला दाब उतरतो, आणि वाहिनी गटाराजवळून गेलेली असेल, जुनी होऊन गंजली असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत शोषलं जातं. जुन्या चाळी आणि वस्त्या याचा त्रास भोगतात. म्हणून रस्त्यावरच्या प्याऊला स्वतःची टाकी हवी, ती झाकलेली हवी, ठरलेल्या दिवशी धुतली जायला हवी, आणि धुतल्याची तारीख टाकीवरच लिहिलेली हवी, म्हणजे पिणाऱ्याला वाचता येईल.

आणखी एक गोष्ट, ती विशेषतः माझ्या बहिणींसाठी. दादरच्या फुलबाजारात बाया अंधार असतानाच येऊन बसतात. मासळी बाजारात, भाजीच्या फुटपाथवर त्या दुपारपर्यंत हलत नाहीत. त्यांच्या शेजारी नळ असला तरी त्यातल्या कितीतरी जणी पाणी पिणार नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठे? पुरुषांसाठी मुतारी कोपऱ्यावर फुकट असते. बाईने मात्र दूरचं स्वच्छतागृह शोधायचं आणि तिथे पैसे मागितले तर द्यायचे. 2011 मध्ये मुंबईतल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी राइट टू पी, म्हणजे लघवीच्या हक्काची मोहीम सुरू केली, सह्या गोळा केल्या, प्रशासनाला जाब विचारला. तेव्हापासून या विषयावर उघडपणे बोललं जातं, हेच मोठं काम झालं. पण दिवसभर पाणी टाळून मूत्रमार्गाचे संसर्ग आणि मुतखडे सोसणाऱ्या बाया आजही आहेत. म्हणून माझं म्हणणं असं, की पिण्याच्या पाण्याची जागा ठरवताना स्त्रियांसाठी स्वच्छ, फुकट शौचालय किती पावलांवर आहे हे आधी बघा. एक केलं आणि दुसरं राहिलं तर निम्म्या माणसांच्या ते उपयोगी पडणार नाही.

हे सगळं करायला फार मोठा खर्च नाही. महापालिकेच्या शाळा, दवाखाने, विभाग कार्यालयं, अग्निशमन केंद्रं आणि बेस्टचे डेपो शहरभर आहेत. तिथे पाण्याची जोडणी असते, टाकी असते, रखवालदार असतो. कुंपणाच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला एक तोटी काढायची. दाबली की वाहणारी आणि सोडली की बंद होणारी. खाली जाळी आणि गटाराकडे नीट उतार, म्हणजे चिखल होणार नाही. तोटी बिघडली तर ती कोणी बदलायची, त्या माणसाचं पद तिथेच लिहायचं. जुन्या प्याऊंपैकी जे दुरुस्त होऊ शकतात ते आधी हाती घ्यावेत, कारण ते मुळातच वर्दळीच्या जागी बांधलेले आहेत. गृहनिर्माण संस्थांनाही हे जमतं. फाटकाबाहेर एक नळ किंवा सावलीत एक माठ, रोज धुतलेला, वर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. रखवालदाराला तेवढं सांगून ठेवा की कोणाला अडवू नकोस.

आता अक्षय्य तृतीया येईल. त्या दिवशी पाण्याने भरलेला कुंभ दान करायची आपली जुनी रीत आहे. भर उन्हाळ्यात ती कोणी का घालून दिली असेल, हे समजायला अवघड नाही. यंदा ज्यांना जमेल त्यांनी आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या नळाचा वर्षभराचा खर्च उचलावा. टाकी धुण्याची मजुरी, दोन तोट्या, प्लंबरच्या दोन फेऱ्या. चार घरांत वाटला तर कोणाला जड जाणार नाही.

आणि उद्या घरून निघाल्यावर स्टेशनपर्यंतच्या वाटेवर पिण्याच्या पाण्याचा एक तरी नळ आहे का, ते बघा. बंद पडलेला प्याऊ दिसला तर त्याची जागा टिपून घ्या आणि महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो जपून ठेवा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर तोच क्रमांक घेऊन विभाग कार्यालयातल्या जल खात्यात जा, शेजारच्या दोघांना बरोबर घेऊन.

नमस्कार.