जोडणी मोडली तरी चालेल

श्रोतेहो, नमस्कार. प्लायवूडची लहान शिडाची होडी स्वतःच्या हातांनी बांधून ती खाडीत उतरवणारी काही मंडळी आज हे भाषण ऐकत असतील, असे मी धरून चालतो. होडी तरंगली आणि शीड भरले, की लगेच तिला आणखी काहीतरी जोडावेसे वाटू लागते. बाजूला उलांडी हवी, पुढे आणखी एक छोटे शीड हवे, मागे इंजिनासाठी फळी हवी, अशी यादी वाढत जाते. (इंजिनाच्या फळीबद्दल मी आज बोलणार नाही, कारण ज्याला आवाजच ऐकायचा आहे त्याने शीड शिवण्याचा खर्च का करावा, हे मला कधी समजलेले नाही.) या सर्व जोडण्यांबद्दल मला एकच सांगायचे आहे: जोडणी मोडली तरी चालेल, मात्र मोडताना तिने होडीचे अंग फाडता कामा नये.

उलांडी आपल्या कोकण किनाऱ्याला नवी नाही. अरुंद होडीच्या एका बाजूला, दोन आडव्या काठ्यांच्या टोकांशी बांधलेले ते तरंगते लाकूड होडीला कलंडू देत नाही. आपण ती घरच्या होडीला लावणार असू, तर काठ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने आवळाव्यात, कारण लाटेबरोबर दोरी किंचित हलते आणि खिळा मात्र लाकूड चिरतो. सपाट तळाची होडी वाऱ्याने आडवी सरकत असेल, तर हॉलंडच्या उथळ पाण्यातल्या जुन्या होड्यांप्रमाणे दोन्ही बाजूंना खाली सोडता येतील अशा फळ्या टांगाव्यात, म्हणजे तळाला भोक पाडावे लागत नाही. जेथे बोल्ट येईल तेथे आतून लाकडी ठोकळा चिकटवावा, मोठी वॉशर लावावी आणि भोकाच्या कडा इपॉक्सी गोंदाने बंद कराव्यात. प्लायवूड आयएस ७१० या, पाण्यात वापरायच्या प्लायवूडसाठीच्या भारतीय मानकाचेच घ्यावे. फर्निचरचा प्लाय पाण्यात टिकत नाही. जोडणीबद्दल इतके पुरे, कारण मला ज्या होडीची गोष्ट सांगायची आहे ती मुंबईची आहे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज व्यापारी जहाजावरचा अधिकारी होता. त्याने मुंबईत बत्तीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची सागवानी होडी बांधून घेतली. आपल्या सुतारांनी वाकस आणि सामता यांसारख्या हातच्या अवजारांनी ती घडवली आणि १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. तिचे नाव सुहैली. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली होडी मुंबईच्या सुतारांनी बांधली, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीसाठी १४ जून १९६८ रोजी तो सुहैली घेऊन इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून निघाला. एकटा माणूस झोपणार केव्हा, या प्रश्नावर त्याने एक जोडणी बसवली होती. वाऱ्याच्या दिशेला धरून उभे राहणारे एक पाते असते. होडी वाट सोडू लागली की वारा त्या पात्याच्या अंगावर येतो, पाते फिरते आणि मागचे लहान सुकाणू वळवून होडीला पुन्हा वाटेवर आणते. परंतु सुहैलीच्या मागच्या शिडाचा आडवा दांडा होडीच्या टोकाबाहेरपर्यंत फिरत असल्यामुळे पाते मधोमध उभे करता येईना. तेव्हा दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचे सांगाडे बाहेर काढून त्यांवर दोन पाती बसवावी लागली. या अवजड यंत्राला त्याने नाव दिले ‘अ‍ॅडमिरल’.

पहिला प्रश्न मात्र अ‍ॅडमिरलचा नव्हता. अटलांटिकमध्ये तळाजवळची एक सांध पाणी घेऊ लागली. नॉक्स-जॉन्स्टन समुद्रात उतरला, श्वास रोखून सांधीत कापूस ठोकला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा खिळ्यांनी बसवला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याला गोळी घालावी लागली आणि मग काम पुढे चालू झाले. सप्टेंबरमध्ये केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेला एका प्रचंड लाटेने होडी आडवी केली, केबिन जागची हलली आणि अ‍ॅडमिरलचा सांगाडा वाकला. त्याने तो सरळ केला, त्या यंत्राच्या मोडलेल्या लहान सुकाणूच्या जागी सुटे सुकाणू बसवले; तेही पुढे मोडले. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला येईपर्यंत अ‍ॅडमिरल कायमचा निकामी झाला.

श्रोतेहो, येथे जोडणी गेली, पण सुहैलीचे अंग शाबूत राहिले. तळाशी लांबवर गेलेल्या कण्यामुळे ती मुळातच सरळ चालणारी होती. त्याने शिडे थोडी कमी, थोडी जास्त ओढून, सुकाणूचा दांडा बांधून तिचा तोल असा साधला, की तो झोपला तरी ती वाट धरून राहील. अर्ध्याहून अधिक पृथ्वी अजून उरली होती आणि ती त्याने अशीच ओलांडली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो फाल्मथला परतला. नऊ जण त्या शर्यतीत निघाले होते. पूर्ण करणारा हा एकटाच.

म्हणून कोणतीही जोडणी लावण्यापूर्वी आपली होडी हलक्या वाऱ्यात, काहीही न जोडता चालवून पाहावी आणि सुकाणू क्षणभर सोडावे. ती जोराने वाऱ्याकडे तोंड फिरवत असेल, तर पुढे लहान शीड लावल्याने फरक पडेल. ती वाऱ्यापासून दूर पळत असेल, तर तेच शीड दोष वाढवील. जोडणी एका वेळी एकच लावावी, म्हणजे गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळते. पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढल्यावर सर्व जोडण्या उतरवाव्यात आणि बोल्टची भोके उजेडात पाहावीत. भोकाभोवतीचा प्लाय काळपट झाला असेल किंवा नखाने दबत असेल, तर तेवढा भाग कापून नवा ठोकळा बसवावा आणि तो पूर्ण वाळल्याखेरीज उलांडी पुन्हा बांधू नये.